नवरा टूरवर, मी वावरात

घरातलं एक माणूस ऑफिसच्या टूरवर गेलं की मागे राहिलेल्याचं नक्की काय होतं? माझ्या ऑफिसमधलं निरीक्षण सांगते. बायको टूरवर गेली की नवऱ्याचा चेहरा बारावीचा शेवटचा पेपर देऊन आल्यासारखा होतो. शुक्रवारी मित्र, शनिवारी ट्रेक, रविवारी दुपारपर्यंत झोप. वर सगळा फ्लोअर त्याच्याकडे दयेने बघतो. ‘बिच्चारा, जेवणाचे हाल होत असतील!’ बिच्चाऱ्याच्या फ्रिजमध्ये बायकोने लेबलं लावून ठेवलेले सात डबे असतात, हा भाग वेगळा.

नवरा टूरवर गेला की मात्र सीन बदलतो. ‘आता काय, तुला वेळच वेळ!’ हे वाक्य किमान चार जण म्हणतात, आणि त्या चौघांकडेही त्या वेळेसाठी एकेक काम तयार असतं. सासूबाईंचे डोळे तपासायचे असतात. सोसायटीच्या मीटिंगला कुणीतरी जायला हवं असतं. पडदे धुवायचे राहिलेले असतात (ते कायमच राहिलेले असतात). बघता बघता आपला रिकामा वेळ म्हाडाच्या लॉटरीसारखा सगळ्यांत वाटला जातो आणि आपलं नाव यादीत नसतं.

तर, या मार्चमध्ये आमचे नवरोबा दहा दिवसांसाठी जर्मनीला गेले. मला दोन रविवार काम केल्याबद्दल शुक्रवारचा कॉम्प-ऑफ मिळाला. मी ठरवलं की हा दिवस कुणाला सापडायच्या आत वापरून टाकायचा. कशासाठी? तर गोल्फसाठी.

हसू नका. आमच्या घरी गोल्फची बॅग आहे. याचा अर्थ आम्ही श्रीमंत आहोत असा होत नाही. सेट सेकंड हॅण्ड आहे आणि त्याचे पैसे आम्ही दोघांनी मिळून भरलेत. नवऱ्याच्या बॉसने त्याला सांगितलं होतं, ‘क्लायंट गोल्फ खेळतात, तूही शिक.’ मग आम्ही दोघंही एका ड्रायव्हिंग रेंजवर बिगिनर्स कोचिंगला जायला लागलो. ड्रायव्हिंग रेंज म्हणजे जिथे फक्त बॉल मारायचे, त्यामागे चालत जायचं नाही. आठ शनिवार झाले. नवव्या शनिवारी घरी पाहुणे येणार होते, म्हणून मी थांबले. तो गेला. दहाव्याला आणखी काहीतरी होतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याचा गोल्फ गूगल कॅलेंडरमध्ये ‘क्लायंट’ या नावाने जायला लागला आणि माझा ‘हौस’ या नावाने बंद झाला. त्यात त्याने काही वाईट केलं असं नाही. हे कुणी करतच नाही, ते होतं. हीच तर त्यातली गंमत आहे.

गोल्फ हा मुळात वेळेचा खेळ आहे. अठरा होल्सचा एक राउंड म्हणजे चार तास आरामात जातात. शिवाय जायचं, यायचं, नंतर बसायचं. म्हणजे घरातल्या कुणीतरी ‘तू जा, मी बघते’ म्हटल्याशिवाय हा खेळ होतच नाही. आणि ते ‘बघते’ स्त्रीलिंगीच असतं! ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब आपल्या कोलकात्यात १८२९ मध्ये सुरू झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्यांच्याकडून हा खेळ आला, त्या स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सुप्रसिद्ध क्लबाने बायकांना मेंबर करून घ्यायचा ठराव केला तो २०१४ मध्ये. अमेरिकेतल्या ऑगस्टाने २०१२ मध्ये. म्युरफिल्डने तर २०१७ मध्ये. आपण स्मार्टफोनवरून पिझ्झा मागवत होतो तोवर हे लोक विचारच करत होते.

पुण्यात मी रोज विमानतळाच्या रस्त्याने जाते. तिथे गोल्फ कोर्सची झाडं दिसतात, गवत दिसत नाही. मेंबर नसलेल्याला गोल्फ असाच दिसतो. नाशकात तर उलटंच, ‘गोल्फ क्लब मैदान’ असं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि तिथे लोक क्रिकेट खेळतात नाहीतर सकाळी चालायला जातात. खारघरला सिडकोचा कोर्स २०१२ पासून आहे, पण पुण्याहून तिकडे एकटीने जायचं, अनोळखी तिघांबरोबर खेळायचं, तेही आठ शनिवारांच्या भांडवलावर? नको वाटलं. मग मला आठवलं की माझ्या बाबांकडे दोन एकर मोकळी जागा आहे.

माझं माहेर आष्टी. बीडचं नाही, वर्धा जिल्ह्यातलं. गुरुवारी रात्रीची नागपूर गाडी पकडली. बरोबर एक सॅक, बारा बॉल आणि एकच स्टिक, सेव्हन आयर्न. (अख्खी बॅग नेली असती तर रेल्वेने तिचं वेगळं तिकीट मागितलं असतं.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोल्फमध्ये जास्तीत जास्त चौदा स्टिक्स नेता येतात, पण नवशिक्याला एकच नीट आली तरी खूप झालं, आणि ती बहुतेक वेळा ही सात नंबरची असते. एसटीत कंडक्टरने स्टिककडे निरखून पाहिलं. ‘ताई, हे कोन्तं कुदळ म्हनायचं?’

दुपारी घरी पोचले. आई दारातच. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

‘एकटीच?’

‘अगं, तो टूरवर गेलाय.’

‘हाव का,’ आई म्हणाली.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना या ‘हाव का’ची ताकद कळणार नाही. त्यात ‘बरं’, ‘असं का’ आणि ‘खरं सांग, काय झालं?’ हे तिन्ही असतं. आष्टीत माहेरी एकट्या आलेल्या बाईची दोनच कारणं मान्य आहेत, बाळंतपण नाहीतर भांडण. अर्ध्या तासात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. ‘जवाईबापू नाही आले का वं?’ त्यांच्या मागून आणखी एक काकू, त्यांनाही विरजण हवं होतं. दोघींचं लक्ष माझ्या गळ्याकडे, मंगळसूत्र आहे ना! ते मी ऑफिसला जातानाही घालत नाही, हे सांगून गोंधळ वाढवायची माझी हिंमत नव्हती. मी सांगितलं की मला आज सुट्टी आहे आणि मी खेळायला आले आहे. काकू एकदम गप्प झाल्या. त्यांना भांडणापेक्षा हे जास्त काळजीचं वाटलं असावं.

ऊन उतरल्यावर, साडेचारच्या सुमाराला, मी आणि बाबा वावरात गेलो. वावर म्हणजे शेत, हा शब्द पुण्यात वापरला की लोक ‘वावर’ म्हणजे ‘वापर’ समजतात. तर ही दोन एकर जागा मोकळी का आहे, तर तिथे माझ्या जन्माआधीपासून संत्र्याची बाग होती. ती बाबांनी मागच्या वर्षी काढून टाकली. डिंक्या लागला. खोडातून डिंक गळायला लागतो, मुळं सडतात, पानं पिवळी पडतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत पाणी मुरून राहिलं की हा रोग जास्त जोर करतो. मी ती बाग फोनवर वाळताना ऐकली होती. ‘दहा गेले.’ ‘अजून बारा गेले.’ प्रत्यक्षात मोकळं रान बघायची ही पहिलीच वेळ. एवढी मोठी जागा असेल असं झाडं असताना कधी वाटलं नव्हतं.

‘सांग आता, काय लागते तुले?’ बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, तीन खड्डे. गोल्फचा होल बरोबर १०८ मिलिमीटरचा असतो, साधारण आपल्या तांब्याच्या तोंडाएवढा. बाबांनी सब्बल आणली आणि सपासप तीन गल पाडले. ‘गल’ हा त्यांचाच शब्द. लहानपणी गोट्या खेळायला पाडायचो तो गल! मला इतकी वर्षं कोच समजावत होता की होलकडे कसं बघायचं, आणि ते मला सात वर्षांची असल्यापासून येत होतं. झेंडे म्हणून तीन तुराट्या रोवल्या, त्यांना आईच्या जुन्या लाल ब्लाउजपीसच्या चिंध्या बांधल्या. झाला कोर्स तयार. आष्टी गोल्फ लिंक्स, तीन होल्स, मेंबर एक.

आणि मी मारायला सुरुवात केली.

पहिला बॉल दहा फूट गेला. दुसरा गेलाच नाही, ढेकूळ गेलं. तिसरा मात्र... ज्यांनी कधी नीट लागलेला गोल्फ शॉट मारलाय त्यांनाच कळेल. हाताला काही लागल्यासारखं वाटतच नाही, फक्त एक ‘टक्’ आवाज येतो आणि बॉल आपल्यापेक्षा बराच हुशार असल्यासारखा निघून जातो. बाबा ‘अरे बापा!’ म्हणाले. बॉल बांधाजवळ पडला, उसळला आणि गायब झाला.

मार्चमधली काळी जमीन तुम्ही बघितली आहे का? तिला भेगा पडतात, बोट जाईल अशा, काही ठिकाणी मनगट जाईल अशा. गोल्फचा बॉल आहे कमीत कमी ४२.६७ मिलिमीटरचा. भेग जिंकली. गोल्फच्या नियमात एखाद्या प्राण्याने केलेल्या बिळात बॉल गेला तर फुकट सवलत मिळते. स्कॉटलंडमध्ये ससे असतात, म्हणून सशांचा विचार झालाय. विदर्भाच्या भेगांचा कुणी केलेला नाही. बॉल शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच मिळायची. तीन मिनिटं मी आणि बाबा गुडघ्यांवर बसून भेगांत डोकावत होतो. रस्त्यावरून जाणारे एक आजोबा थांबले. त्यांना वाटलं अंगठी पडली.

‘गोल्फ खेळून रायली पोरगी,’ बाबांनी सांगितलं.

‘गोल्फ? थो तं इंग्रजाचा खेळ ना!’ आजोबा म्हणाले. ‘आष्टीत?’

हे नुसतं म्हणणं नव्हतं बरं का. आमच्या गावाला लोक ‘शहीद आष्टी’ म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२ ला, चले जाव चळवळीत, इथले लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले होते, गोळीबार झाला आणि माणसं गेली. त्याच दिवशी तिकडे चिमूरही पेटलं होतं. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता त्यांचा खेळ चिंध्या बांधून आमच्याच वावरात! मी आजोबांना सांगायचा प्रयत्न केला की टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ ला, आपली अदिती अशोक गोल्फमध्ये चौथी आली होती, थोडक्यात मेडल हुकलं. आणि तिची स्टिक्सची बॅग सांभाळायला कॅडी म्हणून तिची आई होती, त्याआधी रिओला तिचे वडील होते. आजोबांना हा शेवटचा भाग पटला. त्यांनी बाबांकडे बघितलं, बाबांच्या हातात माझे उरलेले बॉल होते.

दुसऱ्या होलला बाबांनी तो प्रश्न विचारला.

‘हे किती झाले ते मोजते कोन?’

‘मीच.’

‘अन् पंच?’

‘पंच नसतो बाबा. म्हणजे मोठ्या मॅचला असतात, पण आपले शॉट आपणच मोजायचे.’

‘अन् खोटं मोजलं तं?’

‘कुणाला कळणार नाही.’

बाबा थोडा वेळ तुराटीकडे बघत राहिले. ‘मंग तं लय कठीन खेळ हाय.’

मी तेव्हा हसले, पण मग मोजायला लागल्यावर जाणवलं की माझा असा दिवस केव्हा गेला होता, ज्याचा हिशेब फक्त माझ्याकडे आहे? ऑफिसात टाइमशीट आहे. घरी ते न भरताच भरलेलं असतं, कुणाचा डबा झाला, कुणाचं औषध राहिलं. इथे पहिल्या होलला अकरा, दुसऱ्याला नऊ. वाईट आकडे होते, पण माझे होते.

चेंबूरच्या पोरांची गोष्ट मी बाबांना सांगितली. तिथल्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाच्या आसपासच्या वस्त्यांत कॅडीचं काम करणारी मुलं राहतात. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा उचलायच्या, आणि मोकळ्या वेळात आपल्या बोळात लोखंडी सळई वाकवून केलेल्या स्टिकने प्लास्टिकचा बॉल मारायचा. पत्र्यांवरून, गटारावरून, लोकांच्या दारासमोरून. ‘स्लम गोल्फ’ म्हणतात त्याला. त्यावर २०२३ मध्ये त्याच नावाची वेब सिरीजही आली. ‘मंग खरा कोर्स केवढा असते?’ बाबांनी विचारलं. मी म्हटलं, अठरा होल्सचा असेल तर साधारण शंभर-दीडशे एकर.

‘दीडशे एकर! अन् पिकते काय त्यात?’

‘गवत.’

बाबा इतके हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. मग शेतकऱ्याने करावा तो हिशेब त्यांनी केला. सहा बाय सहा मीटरवर लावलं तर एकरी एकशेदहा संत्री बसतात. दीडशे एकरांत साडेसोळा हजार झाडं! ‘साडेसोळा हजार,’ ते दोनदा म्हणाले. आमच्या दोन एकरांत दोनशेवीस होती.

आणि मग हसणं थांबल्यावर खरा विषय निघाला, ज्यासाठी मी थोडीफार आलेच होते. प्लॉटवाल्यांचे फोन येताहेत. दुसरीकडे पुन्हा बाग लावायची तर बाबांच्या डोक्यात सगळं तयार आहे. यंदाच्या पावसाळ्यात लावायची, जंबेरीवरची कलमं नको, रंगपूर लिंबावरची आणायची, ती डिंक्याला जास्त तग धरतात. पाणी साचू नये म्हणून उंच वरंब्यावर लावायची, बांधलेला डोळा मातीच्या बराच वर ठेवायचा, खोडाला बोर्डोचा मलम. त्यांनी हे सगळं माझी सेव्हन आयर्न हातात धरून, तिने जमिनीवर रेघा ओढत सांगितलं. ग्रिप चुकीची होती, पण रेघा सरळ होत्या.

‘फळ कधी येईल?’

‘पाच वर्सं धर.’

बाबा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि मी एकुलती एक. ‘तवा पाहील कोन, थे सांग,’ ते म्हणाले. बॉल शोधायला तीन मिनिटं मिळतात, या प्रश्नाला किती मिळतात माहीत नाही. मी म्हटलं, विकू नका इतक्यात, पावसाळ्यात लावायला मी रजा काढून येईन. ‘जवाईबापू काय म्हनतीन?’ मी म्हटलं, त्याला विचारायचं काय त्यात, वावर तुमचं आणि रजा माझी.

तिसऱ्या होलवर असतानाच नेमका जवाईबापूंचा व्हिडिओ कॉल आला. मागे हॉटेलची पांढरी उशी.

‘कुठे आहेस?’

‘गोल्फ खेळतेय.’

‘आं? कुठल्या क्लबवर?’

‘सात नंबरच्या.’

मग कॅमेरा फिरवून त्याला तुराटी दाखवली, चिंधी दाखवली, बाबा दाखवले. तो मनापासून हसला, ‘ग्रेट आहेस’ म्हणाला. मी म्हटलं, एप्रिलपासून एक शनिवार तुझा, एक माझा. त्या दिवशी पाहुणे, पडदे, आई, सोसायटी सगळं ज्याचा शनिवार नाही त्याने बघायचं.

‘अगं, पण क्लायंट शनिवारीच...’

‘क्लायंटलाही एखादा शनिवार घरचं काम असेलच की.’

‘बघू,’ तो म्हणाला. मराठी संसारातला हा ‘बघू’ आणि विदर्भातला ‘हाव का’ हे मावसभाऊ आहेत. मी फोन ठेवला आणि त्या होलला सात घेतले. माझा बेस्ट.

रात्री जेवताना आईने पुन्हा विषय काढला, जवाई परत कधी येणार. मी म्हटलं, अजून सहा दिवस. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होईपर्यंत, आणि मग पाणी दिलं की झाड फुलांनी भरून जातं. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. आईने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, ‘असू दे. ताण बसला का बहार चांगला येते.’ बाबांनी खाली मान घालून वरणात लक्ष घातलं.

रविवारी रात्री परतीच्या गाडीत मोबाइलवर कॅलेंडर इन्व्हाइट आलं. एप्रिलचा दुसरा शनिवार, सकाळी सहा ते अकरा, विषयात माझं नाव आणि पुढे ‘गोल्फ’. क्लायंट नाही, हौस नाही. मे महिन्यातलं काहीच नव्हतं. मी ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं आणि मेबद्दल विचारणारा मेसेज टाकला. उत्तरात एक स्मायली आलाय, त्यावर काम चालू आहे.

बारा बॉल नेले होते, सात परत आणले. पाच आमच्या वावरातच आहेत. बाबा म्हणतात, नांगरटीत निघतील.